गौरी जेवल्या त्या दिवसापासून

सकाळी ८.४०

शटर वर गेलं की पहिलं काम खिडकी उघडायचं. उदबत्ती नंतर. मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत तळमजल्यावर माझा दवाखाना आहे. समोरच्या इमारतीची भिंत इतकी जवळ, की भरदुपारीही ट्यूबलाइट लावावी लागते. खालच्या मजल्यावरच्या बायकांचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. २०१८ च्या सुमाराला गोवंडी-मानखुर्दकडच्या अशा तीन वसाहतींची पाहणी झाली होती. ऊन-वारा पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, असं त्यात निघालं. इथल्या कुठल्याही आजीने हे फुकट सांगितलं असतं, पण आकड्यांशिवाय कुणी ऐकत नाही.

माझ्या टेबलाची मांडणीही त्या हिशेबानेच केलेली. मी दाराशी, पेशंट खिडकीशी आणि त्याच्या डोक्यावर एक्झॉस्ट फॅन. वारा माझ्या पाठीकडून यावा आणि त्याच्या अंगावरून बाहेर जावा. पेशंटला वाटतं, मॅडमनी आपल्याला पंख्याखालची मानाची जागा दिली. मी तो समज काढत नाही.

आज नवरात्राची पाचवी माळ. आमची कंपाउंडरताई ठरल्या रंगाची साडी नेसून आलीय आणि केसपेपरांवर शिक्के मारत बसलीय. प्रत्येक केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन उमटतो, त्यावर लिहिलेलं असतं ‘पहिली ढास’. हा शिक्का मी मुद्दाम करून घेतला. का, ते जरा उसंत मिळाली की सांगते. बाहेर रांग लागलीय.

सकाळी ९.१०

या वेळी येणाऱ्यांना कामावर पोचायचं असतं. माणशी तीन मिनिटं. नाडी, स्टेथो, पुड्या, पैसे. “मॅडम, दोन दिवसांचं द्या, पगार झाल्यावर बघू.” दोन दिवसांच्या औषधासकट माझी फी शंभर रुपये आहे आणि तीही कधी कधी वहीत मांडून ठेवावी लागते.

सहावा नंबर एका प्लंबरदादांचा. चाळिशीचे, मूळचे जालन्याकडचे. माझे जुने पेशंट, पण मधे सहा महिने फिरकले नव्हते.

“काय होतंय?”

“खोकला हो. आणि अंगात जरा कणकण.”

“कधीपासून?”

“झाले तीन-चार दिवस.”

आठ वर्षांपूर्वीची मी असते तर इथेच लिहिलं असतं ‘खोकला, ४ दिवस’ आणि पुड्या बांधल्या असत्या. आता विचारते, “याच्याआधी कुणाचं औषध घेतलं होतं?”

“घेतलं ना. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बाटली दिली होती. चांगला आराम पडला. मग परत सुरू झाला. मेडिकलवाल्याकडून पण एक पाकीट आणलं मधे.”

“गणपतीत होता का खोकला?”

“गणपतीत?” ते छताकडे बघतात. “हां, होता की. गौरी जेवल्या त्या दिवशी आरती म्हणायला उभा राहिलो आणि अशी ढास लागली की टाळ खाली ठेवला.”

गौरीजेवणापासून आज पाचव्या माळेपर्यंत, मधला अख्खा पितृपंधरवडा धरून, साडेतीन आठवडे उलटून गेले. तीन-चार दिवस नव्हेत.

यात दादा खोटं बोलले नाहीत. पेशंट खोकला मोजतो तो शेवटची बाटली संपली तिथपासून. बाटलीच्या आधीचा खोकला त्याच्या लेखी वेगळा, तो बरा झाला होता. बोरिवलीचा इंजिनिअर असो की इथला प्लंबर, सगळे असंच मोजतात. म्हणून मी दिवस विचारणं सोडून सण विचारायला लागले. माणसाला तारीख आठवत नाही, पण नारळीपौर्णिमेला घसा कसा होता ते आठवतं. मुसलमान वस्तीतून येणाऱ्यांना रमजान विचारते, शाळेतल्या पोरांना चाचणी परीक्षा.

वजनकाट्यावर दादा ४९ किलो. मार्चच्या केसपेपरवर ५४. पट्टा दोन भोकं आत गेलाय, तेही त्यांनी सांगितलं नाही, मी पाहिलं. रात्री घाम येतो का? “उकाडा आहे ना मॅडम.” उकाडा आहेच. बायकोची उशीही भिजते का, असं विचारल्यावर मात्र ते गप्प झाले.

चौकोनात लिहिलं, ‘गौरीजेवण’. छातीचा फोटो काढायला चिठ्ठी दिली आणि ताईला थुंकीच्या डबीसाठी हाक मारली. पुडीत फक्त तापाची गोळी. अँटिबायोटिक नाही. दादांचा चेहरा पडला. शंभर रुपये देऊन फक्त चिठ्ठी मिळाली, असंच त्यांना वाटलं असणार. संध्याकाळी ते येतील की नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जातील, सांगता येत नाही. फॅमिली डॉक्टरला या धंद्यात सगळ्यात मोठी भीती या एका गोष्टीची असते, आणि कुठल्याच पाठ्यपुस्तकात ती लिहिलेली नाही.

सकाळी ९.३०

डबीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण निम्मे तपास इथेच बिघडतात. आपण ‘थुंकी द्या’ म्हणतो आणि माणूस इमानदारीने थुंकी देतो. पांढरी, फेसाळ, निरुपयोगी. हवा असतो बेडका. माझी ताई यात तरबेज. ती डबी हातात देते आणि दाराबाहेर मोकळ्यावर नेऊन सांगते, “चूळ भरा. दोन वेळा दीर्घ श्वास घ्या. तिसऱ्याला आत धरा आणि पोटातून खोका, घशातून नाही. घरी खोलीत करू नका, गच्चीवर जा.” एक नमुना आत्ताचा, एक उद्या सकाळी उठल्याबरोबरचा. मग स्वतः डबी उजेडात धरून बघते आणि नापास झाली तर परत पाठवते. मुंबईतल्या कितीतरी प्रयोगशाळांपेक्षा तिचा डोळा कडक आहे.

डबी जाते वॉर्डातल्या सरकारी केंद्रावर. तिथे सीबीनॅट यंत्र आहे. नमुना आत घातला की दोन तासांच्या आत टीबीचे जंतू आहेत का ते कळतं, आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध चालणार की नाही तेही. आता गोव्यात बनलेली ट्रूनॅट यंत्रंही ठिकठिकाणी बसलीत, ती बॅटरीवर चालतात. मी शिकत होते तेव्हा काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि नशीब, एवढंच होतं.

सकाळी १०.३०

आईबरोबर एकोणीस वर्षांची मुलगी आली. मानेला डावीकडे गाठ, दोन महिन्यांपासून. दुखत नाही. आजी हळदीचा लेप लावत होती. अजून दोन लहान गाठी हाताला लागल्या, एकमेकींना चिकटलेल्या. आपल्याकडे याला गंडमाळ म्हणत आणि ती टीबीचीही असते हे आजीला माहीत होतं, आईला नाही. खोकला नाही म्हणजे टीबी नाही, हा समज डॉक्टरांतही आहे. सुईने पाणी काढून तपासायला पाठवलं. ते पाणी सीबीनॅटलाही द्या असं चिठ्ठीत ठळक लिहिलं, नाहीतर नमुना फक्त सूक्ष्मदर्शकाखाली जातो.

आई एकदम म्हणाली, “मॅडम, कागदावर ते नाव लिहू नका. पुढच्या महिन्यात बघायला येणारेत.”

मी लिहिलं, ‘मानेची गाठ, तपासणीसाठी’. खोटं काही लिहिलं नाही.

सकाळी ११.१५

एका औषध कंपनीचा एमआर आला. हातात पेन, सॅम्पल आणि लिव्होफ्लॉक्सासिनचं चकचकीत पत्रक. “मॅडम, खोकल्याच्या पेशंटला पाच दिवस द्या, पेशंट खूश.”

पेशंट खूश होतो हे खरंच. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंनाही थोडं मारतं. ताप उतरतो, भूक लागते, आठवडाभर बरं वाटतं. तेवढ्यात बेडक्यातले जंतू कमी होतात आणि तपासणी खोटी नकारात्मक येऊ शकते. मग औषध थांबतं आणि आजार पुन्हा डोकं वर काढतो. या औषधाला सरावलेले जंतू पुढे आणखी जड जातात, कारण औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत याच जातीची औषधं कामाला येतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांचंही तेच. दोन दिवसांत माणूस हसत येतो, आतून पोखरला जात असतो.

मी पत्रक घेतलं, सॅम्पल परत केलं. एमआर बिचारा चोवीस-पंचवीसचा, त्याला टार्गेट आहे. जाताना त्याला विचारलं, “तुला किती दिवसांपासून खोकला?” तो दचकला. तो नुसता घसा खाकरत होता. सवयीचा परिणाम.

सकाळी ११.४०

उसंत. चहा. आता शिक्क्याची गोष्ट.

आठ वर्षांपूर्वी जरीकाम करणारी एक मुलगी माझ्याकडे यायची, चोवीस वर्षांची. नऊ आठवड्यांत पाच वेळा आली. मी तिला दोन वेगवेगळी अँटिबायोटिक दिली, त्यातलं एक आत्ता एमआरने दाखवलं तेच. चौथ्या खेपेला मला दम्याची शंका आली. धुळीत काम करते, म्हणजे दमाच, असा माझा हुशार निष्कर्ष. स्टेरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. तिला छान वाटलं. पाचव्या खेपेनंतर दोन दिवसांनी खोकल्याबरोबर रक्त आलं आणि घरच्यांनी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन्ही फुप्फुसांत टीबी.

मी तिचा केसपेपर काढून बसले. माझ्याच अक्षरात पाच नोंदी होत्या. पाचही वेळा लिहिलेलं, ‘खोकला, ३ दिवस’.

पाच वेळा तीन दिवस. मी ना बेरीज केली, ना मागचं पान उलटलं. राजयक्ष्म्याची लक्षणं मला झोपेतही म्हणता आली असती. मी बीएएमएस. चरकाने तीन, सहा आणि अकरा लक्षणांचे गट सांगितलेत. चंद्राने सत्तावीस बायकांतल्या एकट्या रोहिणीवर जीव लावला, म्हणून दक्ष कोपला आणि चंद्राला हा आजार झाला, ही कथाही वर्गात रंगवून सांगितलेली. परीक्षेत त्या प्रश्नाला मला दहापैकी आठ मिळाले होते. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या बाबतीत शून्य.

ती बरी झाली. पण घरातल्या चार वर्षांच्या भाच्यालाही लागण झाली, त्याच नऊ आठवड्यांत. ती आजही माझ्याकडेच येते. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझ्यासारख्या डॉक्टरांचं काय चुकतं, हे लोकांनी मोजूनही ठेवलंय. १९९१ साली धारावीतल्या खासगी डॉक्टरांचा अभ्यास छापून आला. शंभर डॉक्टरांनी टीबीवर ८० वेगवेगळ्या प्रकारे औषधं लिहून दिली होती. वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांच्या गटाने पुन्हा विचारलं. १०६ डॉक्टर, ६३ प्रकार, आणि बरोबर प्रिस्क्रिप्शन लिहिणारे सहा. आपल्याच मुंबईत.

त्याहून झोंबणारा अभ्यास २०१४-१५ चा, मुंबई आणि पाटण्यातला. साध्या माणसांना टीबीच्या पेशंटची भूमिका शिकवली आणि ओळख न देता खासगी दवाखान्यांत पाठवलं. १,२८८ डॉक्टर, २,६५२ भेटी. फक्त ३५ टक्के भेटींत डॉक्टर नियमाप्रमाणे वागले. बाकीच्यांनी काय केलं ते मला वाचायची गरज नव्हती, मी ते करत होते. एमबीबीएसवाल्यांचा निकाल आमच्यापेक्षा बरा होता, पण पेढे वाटण्याइतका नाही. आधी दिल्लीत असाच छोटा प्रयोग झाला होता. त्यातल्या डॉक्टरांना तेच लक्षण कागदावर घालून विचारलं, तेव्हा उत्तरं कितीतरी बरी आली. म्हणजे माहिती डोक्यात होती, हातात उतरत नव्हती. या अभ्यासांनंतर प्रशिक्षण-शिबिरं खूप झाली. जेवण चांगलं होतं, फाइली मिळाल्या. पण मला कमी पडत होती ती माहिती नव्हेच. मला हवा होता कोपऱ्यातला एक चौकोन, जो भरल्याशिवाय पेन पुढे सरकणार नाही.

कधी कधी वाटतं, त्या बनावट पेशंटांतला एखादा माझ्याही खुर्चीत बसून गेला असेल. शंभराची नोट ठेवून, पुड्या घेऊन, बाहेर जाऊन वहीत माझ्या नावापुढे फुली मारली असेल.

दुपारी २.००

उपास. साबुदाण्याची खिचडी, ताक. एका हाताने मोबाइलवर ‘निक्षय’ या सरकारच्या टीबी-पोर्टलवर नोंद. टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. २०१८ पासून न कळवल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. कळवल्याबद्दल पाचशे रुपये आणि उपचार पूर्ण झाल्याचं कळवलं की आणखी पाचशे डॉक्टरला मिळतात. पैशाने काम झालं असतं तर बरं होतं. खरी अडचण पत्त्याची आहे. पेशंट घराचा खरा पत्ता देत नाही, कारण त्याला वाटतं, पिवळी गाडी दारात उभी राहील आणि चाळ गोळा होईल. कसलीही गाडी येत नाही हे त्याला पटवायलाच दहा मिनिटं जातात. तीन मिनिटांच्या धंद्यात दहा मिनिटं.

झोप नाही. वीस मिनिटं पाठ टेकली.

दुपारी ४.३०

टीबी हेल्थ व्हिजिटर आला. वॉर्डातल्या केंद्राचा हा मुलगा दर आठवड्याला चक्कर मारतो, मोटरसायकलच्या डिकीत डब्या आणि गोळ्यांची पाकिटं. मी स्वतः औषध सुरू करत नाही, याच्याकडे सोपवते. वजनावर गोळ्या ठरतात. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन. रोज. पूर्वी दिवसाआड होती, २०१७ पासून रोज झाली.

याच्याशी बोलताना मला सरकारी कार्यक्रमाचा मान वाटतो आणि चीडही येते. पेशंटला पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. चांगलं झालं. ते खात्यात वेळेवर पडत नाहीत, बँकेचं नाव आणि आधारचं नाव एका काना-मात्रेने जुळत नाही, म्हणून अडकतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तर गोळ्यांचाच तुटवडा पडला होता. सहा महिने एक दिवसही चुकवायचा नाही असं पेशंटला दटावणारी मी, आणि केंद्रावरून येणारा निरोप “पुढच्या आठवड्यात बघू”. तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

आज टीबीच्या एका पेशंटच्या घरी त्याने तीन जणांची तपासणी केली. सहा वर्षांच्या मुलीला टीबी नाही. तिला होऊ नये म्हणूनचं औषध सुरू करायचंय. आई तयार नाही. “तिला काही झालेलं नाही तर गोळ्या कशाला?” बरोबर प्रश्न आहे. मी म्हटलं, तिला संध्याकाळी माझ्याकडे पाठव. आठ वर्षांपूर्वीच्या भाच्याची गोष्ट अशा वेळी कामी येते. मी ती नाव न घेता सांगते, आणि डॉक्टर कोण होती तेही सांगते.

संध्याकाळी ५.४५

दुसरी पाळी. वसाहतीत लाउडस्पीकर सुरू. स्टेथोतून फुप्फुसाऐवजी गरबा ऐकू येतो, म्हणून पेशंटला आतल्या मोरीजवळ उभं करून तपासते.

मधुमेहाच्या एक मावशी. तीन महिने साखर चारशेच्या खाली येत नाही. औषध बदललं, पथ्य केलं, शेजारणीने सांगितलेलं कारल्याचं पाणीही झालं. खोकला? “नाही गं बाई.” जेवण? “तोंडाला चवच नाही.” मधुमेह्यांत टीबीचा धोका दोन-तीन पट असतो, आणि टीबीनेही साखर चढते. कुत्रा शेपूट चावत फिरावा तसा प्रकार. छातीचा फोटो लिहिला. मावशी म्हणाल्या, “खोकला नाही तर फोटो कशाला?” २०१९ ते २१ मध्ये देशभर जी टीबी-पाहणी झाली, तिच्यात सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ ४३ टक्के केवळ छातीच्या फोटोमुळे सापडले. नुसतं लक्षणांवर थांबलं असतं तर ते सुटले असते. हे मावशींना सांगून उपयोग नाही. त्यांना म्हटलं, “माझ्या मनाच्या समाधानासाठी काढा.” लगेच तयार झाल्या.

त्याच पाहणीत लक्षणं असूनही ६४ टक्के लोक कुठेच गेले नव्हते. म्हणजे माझ्या दारात आलेला माणूस निम्म्याहून पुढे आलेला असतो. त्याला मी बाटली देऊन मागे लोटते.

मग औषध चालू असलेला एक रिक्षावाला, घाबराघुबरा. “लघवी केशरी झाली, मॅडम. मूत्रपिंड गेलं का?” काही गेलं नाही, रिफॅम्पिसिनचा रंग आहे. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं आणि कुणीतरी विसरलं. कुणीतरी म्हणजे मीच असणार. रंग दिसला की माणसं गोळ्या बंद करतात आणि आठ दिवसांनी सांगायला येतात. हा आज आला, नशीब. डोळ्यांना अंधूक दिसलं, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात तर मात्र त्याच दिवशी ये, असं चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

सहा वर्षांच्या मुलीची आई आली नाही. उद्या मी जाईन.

रात्री ८.२०

प्लंबरदादा आले. बायकोला घेऊन आले. मला खुर्चीतून उठावंसं वाटलं.

फोटो ट्यूबलाइटसमोर धरला. उजवीकडे वर, हाडाच्या मागे कापूस पिंजून ठेवल्यासारखं, आणि मधोमध एक काळी पोकळी. नवख्यालाही दिसली असती. तरी निदान फोटोवर करायचं नाही, बेडक्यावर करायचं. सकाळचा नमुना गेलाय, उद्याचा उरलाय.

“टीबी असू शकतो,” मी म्हटलं. पूर्वी मी ‘छातीत पॅच आहे’, ‘जरासं इन्फेक्शन’ म्हणायचे. पॅचवर पेशंट पंधरा दिवस औषध घेतो आणि सोडतो. टीबीवर सहा महिने घेतो. नाव घेतलं की खोलीतला आवाज बंद होतो, पण ते घ्यावं लागतं.

दादा काही बोलले नाहीत. बायकोने विचारलं, “पोरांची भांडी वेगळी करू का?” नको. भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, यांनी तोंडाला रुमाल बांधावा, आणि दोन्ही पोरांना उद्या तपासायला आणा. “कामावर?” निकाल येईपर्यंत नको. तेवढ्या दिवसांचा रोज कोण देणार, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगू शकले नसते.

मी विचारलं, “वहिनी, खोकला नक्की कधी सुरू झाला, तुम्हाला आठवतं?”

त्यांनी मोबाइल काढला. भिंतीवरच्या कालनिर्णयचा फोटो, दुधाच्या हिशेबासाठी काढलेला. गौरीजेवणाच्या चौकोनात निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘सिलिंडर लावला’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘ह्यांना ढास. आल्याचा काढा.’

म्हणजे तारीख घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली होती. मधल्या दोन ठिकाणी कुणी ती विचारली नाही, आणि मेडिकलवाल्याने तर विचारायचंच नसतं, असं तो समजतो. आपल्याकडचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ साली काढलेला हिशेब असा: फुप्फुसाचा टीबी असलेल्या माणसाला लक्षण सुरू झाल्यापासून औषध सुरू होईपर्यंत साधारण ५५ दिवस लागतात, आणि तोवर तो सरासरी दोन-तीन डॉक्टर फिरलेला असतो. हे तिसऱ्या दारात सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास आले. निम्म्यात. यात माझी हुशारी काही नाही, शिक्क्याची आहे.

रात्री ९.५०

ताई गेली. डब्यांचा खोका उद्यासाठी भरून ठेवला. खिडकी लावताना समोरच्या घरातला माणूस खोकला. एकदाच. मी उगाच थांबून पुढचा खोकला येतो का ते ऐकत राहिले. आला नाही.

हे वाचणाऱ्यांच्या भिंतीवरही कालनिर्णय असेलच. दूध, सिलिंडर, कामवालीच्या खाड्यांबरोबर घरात कुणाला ढास लागली तर त्या दिवसावरही खूण करा. दोन आठवड्यांनीही ती थांबली नसेल तर दवाखान्यात जा आणि खुर्चीत बसल्याबसल्या ती तारीख सांगा. मधे किती बाटल्या झाल्या, तेही सांगा. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आम्ही विसरतो.